ब्रह्मगिरीची फेरी : वाट, गावे आणि पाणी

श्रावण जवळ आला म्हणजे संस्थानच्या कार्यालयात त्र्यंबकेश्वरच्या फेरीविषयी विचारणा सुरू होते. फेरी किती मैलांची, वाट कशी आहे, वयस्कर मंडळींना झेपेल काय, कोणत्या सोमवारी जाणे बरे, असे हे प्रश्न असतात. इंदूरकर मराठी मंडळींचे त्र्यंबकक्षेत्राशी असलेले नाते जुने आहे. ज्या कुशावर्त तीर्थावर स्नान करून फेरीचा संकल्प सोडतात, त्याची आजची दगडी बांधणी अठराव्या शतकात होळकर दरबारचे फडणवीस पारनेरकर यांनी करविली. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, मालेगाव, चांदवड करीत नाशिक गाठावे आणि तेथून सुमारे ३० किलोमीटरवर त्र्यंबक, हा मार्गही आपल्या लोकांच्या पायाखालचा आहे. तरीही फेरी करून आलेल्या अनेकांना आपण नेमकी कशाला प्रदक्षिणा घातली हे सांगता येत नाही, असा अनुभव आहे. म्हणून हा लेख.

देवळात आपण मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालतो. येथे प्रदक्षिणा आहे ती संपूर्ण पर्वताला. ब्रह्मगिरी हे शिवाचे रूप मानले जाते, आणि त्याच्या पूर्व पायथ्याशी त्र्यंबक गाव व ज्योतिर्लिंगाचे मंदिर वसले आहे. गावातून निघायचे, डोंगर सतत उजव्या हाताला ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा गावात यायचे, इतकी ही फेरी सरळ आहे. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची. मोठी फेरी हरिहर गडाच्या डोंगरालाही आत घेऊन जाते आणि ती सुमारे ४० किलोमीटरची होते. बहुसंख्य यात्रेकरू लहान फेरी करतात आणि या लेखातही तिचेच वर्णन आहे.

एका गोष्टीकडे जाणकारांचे लक्ष वेधावेसे वाटते. शंकराच्या देवळात आपण सोमसूत्री प्रदक्षिणा घालतो. पिंडीवरील अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते ती ओलांडायची नाही, तेथून मागे फिरायचे, असा दंडक आहे. ब्रह्मगिरीला मात्र पूर्ण फेरी घातली जाते. या पर्वतावरून तर सर्व बाजूंनी पाणी वाहते! पावसाळ्यात त्याला अक्षरशः शेकडो पन्हळी फुटलेल्या असतात आणि यात्रेकरू त्या एकामागून एक ओलांडीत जातो. शास्त्रार्थ काय लावावयाचा तो विद्वानांनी लावावा. परंतु फेरी समजून घ्यावयाची असेल तर या पाण्यापासूनच आरंभ करावा लागतो.

गौतम ऋषींची कथा सर्वांना ठाऊक आहे. गोहत्येच्या पातकाचे क्षालन व्हावे म्हणून त्यांनी तप केले, शिवाने आपली जटा ब्रह्मगिरीवर आपटली, गंगा प्रकट झाली. ती वारंवार गुप्त होऊ लागली तेव्हा ऋषींनी कुश नावाच्या गवताने तिला अडविले, ते स्थान कुशावर्त. त्याच नदीस आपण गोदावरी अथवा गौतमी म्हणतो. गावात तिला एक अहिल्या नावाची नदीही येऊन मिळते. हे नाव गौतमपत्नीचे आहे, आपल्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नव्हे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण, आपल्याकडील यात्रेकरूंचा हा गैरसमज वारंवार दिसतो.

आता ही कथा भूगोलाच्या नकाशावर ठेवून पाहावी. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२९५ मीटर आहे. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ८० किलोमीटरच्या आसपास. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. पूर्व उतारावर पडलेले पाणी प्रथम नाशिकच्या वर १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात साठते, पुढे पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात येते, नांदेडवरून तेलंगणात शिरते आणि शेवटी आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीखाली त्रिभुज प्रदेशात पसरते. त्याच डोंगराच्या पाठीमागच्या अंगाला, पश्चिम आणि दक्षिण उतारांवर, जे पाणी पडते त्यातून वैतरणा नदी होते. ती सह्याद्री उतरून ठाणे-पालघरच्या मुलखातून अरबी समुद्राला मिळते. मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्याचा मोठा भाग या नदीवरील ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर या जलाशयांतून येतो. मोडकसागर १९५७ चा, तर मध्य वैतरणा २०१४ चे.

याचा अर्थ असा की माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक नाशिकच्या रामकुंडावरून मराठवाड्याला जातो आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा मुंबईच्या नळाला येतो. भूगोलात या सीमेला जलविभाजक म्हणतात. फेरी करणारा यात्रेकरू हा जलविभाजक दोनदा ओलांडतो. जाताना गोदावरीच्या खोऱ्यातून वैतरणेकडील उताराला, आणि परतताना पुन्हा गोदावरीच्या खोऱ्यात. या दोन्ही ठिकाणी वाट खिंडीतून जाते. नाशिककडे खिंडीला बारी म्हणतात. जाताना पहिन्याची बारी लागते आणि येताना गणपतबारी. फेरीचा हा सांगाडा एकदा ध्यानात आला म्हणजे वाटेवरील प्रत्येक चढ-उताराचा अर्थ लागू लागतो.

पहाटे कुशावर्तावर स्नान करून, त्र्यंबकराजाचे दर्शन घेऊन निघण्याची प्रथा आहे. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. गावातून वाट प्रथम नाशिक रस्त्याने पूर्वेस जाते. डोंगराला फेरी घालावयाची आणि निघावयाचे मात्र डोंगराकडे पाठ करून, याचे नवख्यास नवल वाटते. परंतु ब्रह्मगिरीच्या दक्षिणेकडील सोंडेला वळसा घालण्यास हाच मार्ग सोयीचा आहे. गावाबाहेर दगडी बांधणीचे प्रयागतीर्थ लागते. तेथे हातपाय धुऊन, पेगलवाडीवरून वाट दक्षिणेस वळते आणि घोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागते.

येथून डोंगर खऱ्या अर्थाने उजवीकडे येतो. डावीकडे अंजनेरीचा विस्तीर्ण डोंगर. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे, आणि ब्रह्मगिरीशी उंचीत तो जवळजवळ बरोबरी करतो. या दोन पर्वतांच्या मधून वाट पहिने गावाकडे जाते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून इतके धबधबे कोसळत असतात की मोजण्याचा नाद सोडून द्यावा. त्यामुळेच अलीकडे शनिवारी-रविवारी येथे सहलीला येणाऱ्यांच्या मोटारींची रीघ लागते. फेरीवाल्याने शक्यतो हे दोन दिवस टाळावेत, कारण बारीतला रस्ता अरुंद आहे आणि पायी चालणाऱ्यास बाजूला उभे राहण्यास जागा नसते.

बारी ओलांडली की देखावा पालटतो. मागे राहिलेले गोदावरीचे खोरे उघडे आणि रुंद होते. पुढे डोंगरांच्या कुशीत भातखाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला नागली आणि वरईची उतरती शेते, मधे साग-सादडाची झाडी आणि कौलारू घरांच्या लहान वस्त्या. कोजुली, भिलमाळ, धाडोशी ही गावे अशी एकामागून एक येतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी समाजांची. या टप्प्यात वैतरणेचे आरंभीचे ओहोळ आडवे येतात. आषाढ-श्रावणात त्यांना गुडघाभर पाणी असते आणि दगड शेवाळलेले असतात. ज्यांना वैतरणा म्हणजे यमलोकाच्या वाटेवरील भयंकर नदी एवढेच ठाऊक आहे, त्यांनी हा खळाळता, नितळ ओहोळ अवश्य पाहावा. फेरीत ही नदी ओलांडली म्हणजे पुढे ती ओलांडताना त्रास होत नाही, अशी येथील भाविकांची श्रद्धा आहे.

या बाजूने दिसणारा ब्रह्मगिरी त्र्यंबक गावातून दिसणाऱ्या ब्रह्मगिरीहून अगदी वेगळा आहे. गावातून तो माथ्यापर्यंत चढत गेलेल्या पायऱ्यांचा, गंगाद्वाराचा, देवळांचा डोंगर असतो. मागच्या बाजूने तो नुसता कडा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. थर जेथे टणक तेथे उभा कडा, जेथे मऊ तेथे आडवी पट्टी, अशी रचना दुरूनही स्पष्ट दिसते. या आडव्या पट्ट्यांवर पूर्वी किल्ल्याच्या पहाऱ्यासाठी चौक्या व वस्त्या असत, त्यांना मेट म्हणत. मेटघर किल्ला या नावाखाली त्या वाड्या आजही नांदत्या आहेत. गड म्हणून ब्रह्मगिरीचा इतिहास मोठा आहे. मोरोपंत पिंगळ्यांनी तो १६७० मध्ये स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. पश्चिमेस मान वळविली की हरिहरचा गड आणि त्यापलीकडे भास्करगड दिसतो. ढग उतरलेले असले तर यांपैकी काहीही दिसत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

निवृत्तिनाथांची कथा या फेरीशीच जोडलेली आहे. विठ्ठलपंत आपल्या पत्नीमुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रात्रीच्या वेळी वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथांची भेट होऊन त्यांना अनुग्रह मिळाला. पुढे निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उपदेश केला. वारकरी परंपरेचा नाथपंथाशी सांधा जुळला तो असा, या वाटेवर. शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरीच समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. आज फेरीच्या वाटेवर विजेचे खांब आहेत, बरीचशी वाट डांबरी झाली आहे आणि वाघाचे भय राहिलेले नाही. तथापि धाडोशीच्या पुढे पावसाच्या अंधारात चालताना, सातशे वर्षांपूर्वी मुलाबाळांना घेऊन या रानातून जाणाऱ्या त्या कुटुंबाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सापगावावरून वाट गणपतबारीला येते. दमलेल्या पायांना हा चढ जाणवतो. बारीवरून खाली उतरू लागले की आपण पुन्हा गोदावरीच्या खोऱ्यात आलो. उजवीकडे ब्रह्मगिरीच्या उत्तर टोकाला दुर्गभांडार हा सुळक्यासारखा वेगळा भाग आहे. खडकाच्या एका अरुंद भिंतीने तो मूळ डोंगराला जोडलेला आहे. येथून त्र्यंबक गाव जवळ आहे. कुशावर्तावर येऊन फेरी पूर्ण करावी आणि पुन्हा देवदर्शन घ्यावे, असा परिपाठ आहे. सावकाश चालणाऱ्यास एकंदर सहा ते आठ तास लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. श्रावणात फेरी करणाऱ्यास या प्रदेशात पाण्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. हीच फेरी चैत्र-वैशाखात केली तर त्याच गावांच्या वाटेवर डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रिया भेटतील. २०२२ च्या उन्हाळ्यात त्र्यंबक तालुक्यातील स्त्रिया खोल विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरीत असल्याची चित्रे देशभर प्रसिद्ध झाली होती. दोन नद्यांच्या माहेरी ही अवस्था का व्हावी, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचे उत्तर डोंगराच्या घडणीतच आहे. काळा पाषाण घट्ट असतो, त्याच्या पोटात पाणी फारसे मुरत नाही. जे मुरते ते थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गंगाद्वारी गोमुखातून ठिबकणारे पाणी हे अशा पाझराचेच पवित्र उदाहरण होय. बाकीचा पाऊस चार महिन्यांत तीव्र उतारांवरून धावत खाली जातो आणि धरणांत साठतो. धरणे खाली, गावे वर. साठलेले पाणी नाशिकला जाते, मुंबईला जाते, मराठवाड्याच्या वाट्याचे किती यावर दर दुष्काळात वाद होतो, आणि वैतरणेकडे जाणारे पाणी वळवून गोदावरीच्या खोऱ्यात आणण्याच्या योजनाही पुढे येतात. ज्या वाड्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडला, त्यांच्यासाठी उरतात ते झरे. झरा टिकायचा तर वरच्या उतारावर झाडे, गवत आणि माती टिकावी लागते. उतार उघडा पडला, किंवा जेसीबीने कापला गेला, की झरा फाल्गुनातच आटतो. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध पर्यावरणप्रेमी आणि साधुसंत यांनी एकत्र आवाज उठविला, त्यामागे हेच कारण होते. गावातही गोदावरीचे पात्र बऱ्याच ठिकाणी काँक्रीटखाली झाकले गेले आहे. नदीवरून चालत जाऊन नदी कोठे आहे असे विचारणारे यात्रेकरू तेथे रोज भेटतात. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत आहे, आणि त्याच्या तयारीत रस्ते रुंद करताना या उतारांचे काय होते याकडे आपण बाहेरच्या भाविकांनीही लक्ष ठेवले पाहिजे.

फेरीला जाणाऱ्याच्या हातात यातले फार थोडे आहे, परंतु जे आहे ते खरे आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक फेरीला येतात. नाशिकहून एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि रविवारी रात्रीपासूनच वाट माणसांनी भरून जाते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळे फेरी बंद होती, तेवढा अपवाद. या गर्दीचा आनंद वेगळा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र रात्रीच्या अंधारात, खांद्याला खांदा लावून चालताना फेरी होते, ब्रह्मगिरी दिसत नाही. शिवाय वाट अपुरी पडली की लोक कडेच्या भातखाचरांच्या बांधांवरून चालतात. श्रावणात नुकती लावणी झालेली असते. बांध फुटला की खाचरातले पाणी वाहून जाते आणि एका कुटुंबाचे वर्षाचे भात धोक्यात येते. बांधावर पाऊल ठेवू नये, ही सूचना म्हणूनच प्रत्येक गटप्रमुखाने निघण्यापूर्वी द्यावी. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, राजगिऱ्याच्या चिक्कीचे कागद, प्लास्टिकचे पेले ओहोळात टाकले तर ते थेट कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जातात, हे वरील विवेचनावरून ध्यानात आले असेलच.

आमची सूचना अशी की वयस्कर मंडळी, लहान मुले आणि प्रथमच जाणारे यांनी तिसरा सोमवार टाळून श्रावणातील अन्य दिवशी, किंवा भाद्रपद-आश्विनात, दिवसाउजेडी फेरी करावी. पाऊस ओसरलेला असतो, ओहोळ उतरलेले असतात, कडे स्पष्ट दिसतात आणि भात पोटरीला आलेले असते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लहान फेरीचाही आग्रह धरू नये; प्रयागतीर्थापासून पहिन्याच्या बारीपर्यंत जाऊन परत आले तरी डोंगराचे उत्तम दर्शन घडते.

अनवाणी चालण्याचा नवस ज्यांचा असेल त्यांनी डांबरावरील बारीक खडी लक्षात घ्यावी. इतरांनी पकड असलेले बूट अथवा जुनी वहाण वापरावी, नवी वहाण नको. काठी, छत्रीऐवजी घोंगडी अथवा रेनकोट, कोरडे कपडे मेणकापडाच्या पिशवीत, आणि पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे. वाटेतील गावांत चहा, उकडलेल्या शेंगा आणि ऋतूप्रमाणे मक्याची कणसे मिळतात. ती अवश्य घ्यावीत व सुटे पैसे जवळ ठेवावेत. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र त्या गावांत पाणी मागू नये.